धडधाकट संगणक भंगारात काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, पण सुरक्षेतली भगदाडं बुजवणारी मोफत अपडेट्स थांबली. विंडोज ११ मोफतच मिळत होतं, मात्र टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था, सिक्युअर बूट आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर एवढं असेल तरच. आठवी पिढी आली ऑगस्ट २०१७ मध्ये. त्यानंतरही बरेच दिवस दुकानांतून सातव्या पिढीचे लॅपटॉप विकले जात होते आणि गिऱ्हाइकाला याची कल्पना देणं कुणालाच शक्य नव्हतं, कारण विंडोज ११ च्या अटी जाहीर झाल्या जून २०२१ मध्ये. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचं आयुष्य असं मागाहून, दुसऱ्याच कुणी ठरवावं, याची चीड येते ती म्हणूनच.

प्रस्तुत लेखकाच्या घरच्या डेस्कटॉपवरही ‘हा पीसी पात्र नाही’ असा संदेश झळकला. जवळच्या दुकानात विचारल्यावर उत्तर तयारच होतं : “बोर्ड गेला समजा, नवीनच घ्या.” मशीन नवव्या पिढीचं, चालायला झकास. बायोस उघडून पाहिलं तर इंटेल पीटीटी नावाचा पर्याय ‘डिसेबल्ड’ होता. प्रोसेसरच्याच अंगचं हे टीपीएम कारखान्यातूनच बंद अवस्थेत आलेलं. ते ‘एनेबल्ड’ केलं, सेव्ह करून मशीन पुन्हा सुरू केलं आणि तोच संगणक पात्र ठरला. खर्च शून्य.

म्हणून अपात्रतेचा संदेश आला की पहिला प्रश्न हाच विचारावा : अडलंय नेमकं कशावर? मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत साधन कारण सांगतं. टीपीएमचं नाव आलं तर बायोसमध्ये इंटेलच्या मशीनवर पीटीटी आणि एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम शोधावं. सिक्युअर बूटवर घोडं अडलं असेल तर मात्र घाई नको. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून ‘बायोस मोड’ पाहावा. तिथे ‘लेगसी’ असेल तर आधी डिस्कची मांडणी बदलावी लागते. ती न बदलताच बायोसमध्ये यूईएफआय केलं तर विंडोज सुरूच होत नाही. आणि या कशालाही हात लावण्याआधी दोन गोष्टी करायच्याच. फायली बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या आणि डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवायची. बायोस बदलल्यावर लॅपटॉप ती मागू शकतो, आणि ती नसेल तर सगळा डेटा कुलपात अडकतो.

प्रोसेसरच जुना असेल तर बायोसमध्ये काही हाती लागत नाही. पण आठव्या पिढीची ही रेघही पूर्णपणे अढळ नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने त्या प्रोसेसरला पात्र प्रोसेसरांच्या यादीत जागा दिली. त्याच पिढीचे साधे लॅपटॉप घेतलेले लोक बाहेरच राहिले. कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज वर्तवला होता की विंडोज १० चा सपोर्ट संपल्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतात.

विंडोज १० वरच राहणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्स जाहीर केली : ३० डॉलर भरा, रिवॉर्ड्सचे १००० गुण द्या, नाहीतर सेटिंग्जचा क्लाउड बॅकअप सुरू करून मोफत घ्या. मायक्रोसॉफ्ट खातं मात्र लागतंच. युरोपात ग्राहक संघटनेने पाठपुरावा केला, तेव्हा तिथे बॅकअपची अट वगळून हे मोफत मिळालं. संघटित तक्रारीचा असा उपयोग होतो. आपल्याकडच्या ग्राहक संघटनांनीही हा विषय हातात घ्यायला हवा.

ब्राउझर, पत्रव्यवहार, हिशेब एवढंच काम असेल तर जुन्या मशीनवर लिनक्स मिंट उत्तम चालतं. भारतीय भाषांची सोय असलेली बॉस ही प्रणाली तर सी-डॅकचीच. पण छपाईच्या धंद्यातल्यांनी जपून. पेजमेकर आणि जुन्या बिगर-युनिकोड फाँटांवर ज्यांचं सगळं काम उभं आहे, त्यांनी मशीन पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावं आणि आपल्या फायली उघडतात का, प्रिंट नीट येते का ते तपासावं. नाहीच जमलं, तर ते मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त त्याच कामाला ठेवावं.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना ‘विंडोज ११ टाकून दिलंय’ एवढ्यावर समाधान मानू नये. अटींना बगल देऊनही ते टाकता येतं आणि अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून प्रोसेसरचा आकडा स्वतः वाचावा. आय-फाइव्ह ७२०० म्हणजे सातवी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. दुकानदाराकडून हा आकडा बिलावर लिहून घ्यावा.