पाळीव कुत्री, मांजरे आणि अलर्क रोग

कुत्रे किंवा मांजर पाळणे म्हणजे त्याच्या आरोग्याची जबाबदारी पत्करणे होय. स्वच्छ पाणी, योग्य आहार व कोरडी जागा यांइतकीच वेळेवर टोचलेली लसही त्यास आवश्यक असते. कारण अलर्क, म्हणजेच पिसाळण्याचा रोग, प्राण्यापासून माणसालाही होतो.

या रोगाचे विषाणू रोगी प्राण्याच्या लाळेत असतात. चाव्याच्या जखमेतून शिरून ते मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतात. या प्रवासास बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. त्या अवधीत लस टोचल्यास प्राण वाचू शकतात. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी बहुधा दगावतोच. लुई पाश्चर याने ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या योसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलास लस टोचण्यास प्रारंभ केला आणि तो मुलगा वाचला.

प्राणी चावल्यास किंवा त्याने ओरखडल्यास जखम तत्काळ साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तिजवर हळद, तिखट वा चुना लावू नये. नंतर विलंब न करता रुग्णालय गाठावे. पोटात १४ वेळा सुई टोचून घ्यावी लागते, ही भीती आता निराधार आहे. आजची लस दंडात टोचतात व तिच्या मात्राही थोड्याच असतात.

पिलू तीन महिन्यांचे होताच पशुवैद्याकडून त्यास लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा त्याच्या सल्ल्याने ठरल्या वेळी द्याव्यात. प्राण्यास दिलेली ही लस घरातील मुलाबाळांचेही रक्षण करते.