थंड पाण्यातलं जॅकेट

प्रश्न : माझा पुतण्या नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असतो. मालवणला एकदा समुद्राखाली जाऊन आला आणि त्याला स्कूबा डायव्हिंगचं वेड लागलं. आता तिथल्या थंड समुद्रातली बुडालेली जहाजं बघायला जायचं म्हणतो. वाढदिवसाला त्याला चांगलं दणकट ‘बॉयन्सी जॅकेट’ द्यावं असं घरच्यांच्या मनात आहे. पुराच्या वेळी बोटीतून येणारे जवान नारिंगी जॅकेट घालतात, तेच ना हे? थंडीसाठी जाड अस्तराचं बघावं का? आणि असंच एक घरात ठेवलं तर आम्हालाही पावसाळ्यात उपयोगी पडेल का?
— एक वाचक, हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)

उत्तर : उल्हास नदीच्या शेजाऱ्याला जॅकेट म्हटल्यावर नारिंगीच आठवणार. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली, तेव्हा तर ती जॅकेटं घरोघरी टीव्हीवरही दिसली. पण पुतण्याला हवं ते जॅकेट वेगळं, आणि आधी हा घोळ निस्तरलेला बरा.

नारिंगी लाईफ जॅकेटात फोम असतो. तो काही केल्या बुडत नाही, म्हणून ते घालून पाण्याखाली जाताच येत नाही. डायव्हिंगचं जॅकेट, ज्याला डायव्हर मंडळी ‘बीसीडी’ म्हणतात, ती भरता-रिकामी करता येणारी हवेची पिशवी. पाठीवरच्या सिलिंडरमधून नळीने तिच्यात हवा सोडायची, नको झाली की झडप उघडून काढून टाकायची. उद्देश तरंगण्याचा नाही. बुडूही नये आणि वरही येऊ नये, असा अधांतरी तोल साधण्याचा आहे. माणूस बेशुद्ध पडला तर त्याचं तोंड पाण्यावर राहीलच, अशी हमी हे जॅकेट देत नाही. तेव्हा तुमचा शेवटचा प्रश्न इथेच निकालात काढतो : घरासाठी डायव्हिंगचं जॅकेट घेऊ नका. मानेमागे कॉलर असलेलं साधं लाईफ जॅकेट घ्या, ज्याच्या-त्याच्या वजनाच्या मापाचं, आणि मुलांसाठी वेगळं.

आता थंडी. जॅकेट ऊब देतं हा समज बऱ्याच जणांचा असतो. पण ते अंगावरच्या सूटवर चढवायचं असतं. ऊब देण्याचं काम सूटचं. पाणी हवेच्या सुमारे चोवीसपट उष्णतावाहक. मालवणच्या कोमट पाण्यात पातळ सूटवर भागतं. स्कॉटलंडच्या समुद्रात हिवाळ्यात ६-७ अंश आणि उन्हाळ्याच्या शेवटी फार तर १३-१४ अंश. तिथे ७ मिलिमीटर जाडीचा निओप्रीन सूट लागतो, नाहीतर आत पाणीच येऊ न देणारा ड्राय सूट.

आणि खरी गंमत इथून सुरू होते. निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुड्यांनी भरलेलं रबर. जाड सूट माणसाला ८-१० किलोच्या जोराने वर ढकलतो. म्हणून खाली जायला कमरेला किंवा जॅकेटच्या कप्प्यांत शिसं घ्यावं लागतं. पण १० मीटर खाली पाण्याचा एकूण दाब दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. सूटमधले बुडबुडे चेपतात, वर ढकलण्याचा जोर बराचसा ओसरतो. शिसं मात्र तेवढंच राहतं. उतरणारा माणूस आपोआप जड होत जातो. ही तूट भरून काढायला जॅकेटमध्ये हवा सोडायची. वर येताना उलटं : तीच हवा फुगते, म्हणून ती वेळीच काढत यावं लागतं. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र बनवलं, तेव्हा असं जॅकेट नव्हतंच. शिसं नेमकं मोजायचं आणि उरलेला हिशेब पायातल्या फिनांवर सोडायचा.

यावरून जॅकेट केवढं हवं तेही निघतं. १ लिटर हवा साधारण १ किलो भार उचलते. सूटची तूट ७-८ किलो धरा. १२ लिटरच्या भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेचंच वजन जवळपास ३ किलो असतं, आणि सुरुवातीला तेही उचलावं लागतं. थोडी राखीव क्षमता धरून एका सिलिंडरला १८-२० किलो उचलणारं जॅकेट पुरतं. ‘मोठं घेतलं तर जास्त सुरक्षित’ हा हिशेब इथे चालत नाही. मोठ्या पिशवीतली हवा इकडून तिकडे सरकते, ती पूर्ण रिकामी करणं अवघड जातं, आणि उरलेली हवा वर येताना फुगून माणसाला बेताल वर खेचते.

‘दणकट’ म्हणताना दुकानदार कापडाचा डेनियर सांगतो. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. १,००० डेनियरचं नायलॉन चांगलंच चिवट. पण उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारा कारागीरही सांगेल की माल उसवतो तो शिवणीत. पुतण्या बहुधा ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लोला जाईल. २१ जून १९१९ रोजी तिथे नजरकैदेत असलेल्या जर्मन आरमाराने आपली जहाजं आपणच बुडवली. बरीचशी पुढे भंगारासाठी वर काढली गेली, पण ७ मोठी जहाजं अजून तळाशी आहेत. गंजक्या पत्र्याला घासायचं, तर बाहेर जाड कापड आणि आत वेगळी, बदलता येणारी हवेची पिशवी असलेली दुपदरी रचना बरी. पाठीला स्टीलचं ताट आणि त्यामागे पिशवी, असाही प्रकार मिळतो. ताटाचेच अडीच-तीन किलो होत असल्याने तेवढं शिसं वाचतं. मला विचाराल तर जहाजं बघणाऱ्याने तेच घ्यावं.

थंड पाण्यात जॅकेट दगा देतं ते मात्र कापडात नाही, हवा भरायच्या बटणात. डिओड्रंटचा डबा बराच वेळ दाबून धरला की हातात गार पडतो. दाबाखालची हवा सुटताना तशीच थंड होते. आधीच ६-७ अंशाच्या पाण्यात असलेली झडप त्यामुळे शून्याखाली जाते, आत बर्फ धरतो आणि बटण उघडंच अडकतं. जॅकेट फुगत राहतं, माणूस सुसाट वर येतो, आणि असं वर येणं फुप्फुसांच्या आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनच्या दृष्टीने धोक्याचं. म्हणून बटण थोडं-थोडं दाबायचं, आणि अडकलंच तर नळी झटकन काढता आली पाहिजे, तीही ५ मिलिमीटरचे हातमोजे घालून. हातमोज्यांतून हवा सोडायची दोरी चिमटीत येते का, बकल लागतं का, खालच्या बाजूची झडप हाताला सापडते का, ही दणकटपणाची खरी परीक्षा. मालवणला ही सगळी बटणं मागून प्रशिक्षक सांभाळत होता, त्यामुळे पुतण्याला त्यांची ओळख झाली नसेल.

ड्राय सूट असेल तर आणखी एक बघायचं. त्याच्या छातीवर हवा भरायची झडप असते आणि डाव्या दंडावर हवा सोडायची. जॅकेटचा छातीपट्टा किंवा खांदा त्यांवर आला तर सगळंच फसलं. आत जाड कपडे घातल्यावर मापही एक नंबर वाढतं.

थोडक्यात, सूट ठरल्याशिवाय जॅकेट ठरत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या अशा जॅकेटांसाठी ईएन १८०९ हे मानक आहे; त्याची खूण बघून घ्यायला पुतण्याला सांगा. आणि भेट इथून पार्सलने पाठवू नका. पैसे पाठवा, त्याला ड्राय सूट शिकून घेऊ द्या आणि मग तिथल्या दुकानात तोच सूट, तेच हातमोजे घालून जॅकेट अंगावर चढवून बघू द्या.