चुकारा कुणाच्या खात्यात?

अर्जुनी मोरगाव

प्रिय बेटा,

तुझा फोन आला तेव्हा मी बांधीत होतो, रेंज येत-जात होती. तू तुझी बांधी ठेक्याने देण्याबद्दल विचारलंस आणि मी ‘हो हो’ म्हणत राहिलो. नंतर हिशेब मांडून पाहिला आणि झोप लागेना, म्हणून हे पत्र.

जावईबापूंनी एकरी पंधरा हजार सांगितलेत, तेही रोवणीआधी रोख. हा आकडा त्यांनी कुठून आणला ते मी विचारत नाही. तुझ्या बाबांच्या वहीत पाहिलं, तर आपल्या बांधीचा उतारा बऱ्या सालात एकरी चौदा क्विंटल आहे. २०२५-२६ चा साध्या धानाचा हमीभाव २,३६९ रुपये, म्हणजे सगळे मिळून ३३,१६६ रुपये झाले. पऱ्हे, चिखलणी, रोवणीच्या बाया, खत, फवारणी, कापणी आणि चुरणी मिळून माझा स्वतःचा एकरी खर्च गेल्या हंगामात वीस हजारांवर गेला, आणि त्यात घरच्यांची मजुरी धरलेली नाही. उरले तेरा हजार. तुला त्यातून पंधरा हवेत. मग ठेका घेणारा माणूस वर्षभर चिखलात कशासाठी उभा राहणार?

तो उभा राहतो धानाच्या बोनसच्या आशेवर. सरकारने २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत हेक्टरी वीस हजार जाहीर केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे एकरी साधारण आठ हजार. पण पणन महासंघाचं खरेदी केंद्र असो की आदिवासी विकास महामंडळाचं, नोंदणी सातबाऱ्यावर होते, आणि सातबारा तुझ्या नावाचा. त्यामुळे धान त्याने पिकवला, पोती त्याने वाहिली, तरी विकलेल्या धानाचा चुकारा तुझ्या खात्यात पडणार आणि बोनसही तिथेच. ठेका किती यापेक्षा हा पैसा त्याच्या हाती कधी आणि कसा पोचेल, हे आधी ठरव. आपल्या तालुक्यात भांडणं होतात ती बहुतेक इथेच. आकड्यावरून फारशी होत नाहीत.

माझं ऐकशील तर ठेका रुपयांत ठरवूच नकोस, धानात ठरव. आजोबांच्या काळी तो खंडीत ठरायचा. आपण क्विंटलमध्ये ठरवू. चौदाला साडेतीन, म्हणजे चौथा हिस्सा, त्या वर्षीच्या हमीभावाने. २०२५-२६ च्या भावाने ते एकरी ८,२९१ रुपये होतात. भाव वाढला तर तुझेही वाढतील. बोनस ज्याने पीक केलं त्याचा. तो दरवर्षी मिळेलच असं नाही, सरकार त्या त्या वर्षी ठरवतं, म्हणून त्याच्या भरवशावर ठेका चढवू नये. तुझ्या चार एकरांचा बोनस बत्तीस हजारांच्या घरात जातो. तुझ्या पगाराला त्याने काय फरक पडतो ते तूच बघ. त्याच्या घरी मुलीचं लग्न आहे.

मुदतही बदल. रोवणीआधी अर्धाही मागू नकोस. फार तर अनामत म्हणून थोडे घे. बाकीची रक्कम चुकारा जमा झाल्यावर पंधरा दिवसांत. चुकारे लांबतात हे तुला बाबांमुळे माहीत आहेच. दिवाळीची तारीख घातलीस तर तो सावकाराकडून उचल घेऊन तुला देईल आणि तुला कळणारही नाही.

हे सगळं मला शहाणपणामुळे सुचलेलं नाही. २०१७ ला आपल्या भागात तुडतुडे पडले होते. सकाळी हिरवी दिसलेली बांधी आठवड्याभरात मध्येच गोल-गोल करपली, जणू कुणी निखारे टाकलेत. मी माझी अडीच एकर तेव्हा ठेक्याने दिली होती आणि पैसे आधीच घेऊन ठेवले होते. ती करणाऱ्याने रेड्यांची जोडी विकली. माझ्याकडे काही मागायला आला नाही. मीही स्वतःहून काही दिलं नाही. पुढच्या वर्षी त्याने माझी बांधी नाकारली. जो दुसरा आला, त्याने धुऱ्याला फावडं लावलं नाही. धुरा फुटला, पाणी थांबेना, आणि दोन वर्षं मीच माती ओढत बसलो. म्हणून कागदात लिहून घे : पंचनाम्यात नुकसान निघालं, तर ठेका त्या प्रमाणात कमी.

कूळ लागण्याची भीती घालणारे तुला पुण्यात पुष्कळ भेटतील. ते १९४८ च्या कायद्याचं आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाचं सांगतात. विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे. इथल्या तहसिलीत काम करणाऱ्या वकिलाकडून मसुदा करून घे आणि फी दे. तोंडी व्यवहारात तूही अडकतेस आणि तोही. तीन वर्षांचं ठरवणार असशील तर नोंदणी लागेलच. मी तर म्हणेन तीन वर्षांचंच ठरव. तीन सालं बांधी आपली आहे असं वाटलं की माणूस धुरा बांधतो, शेणखत टाकतो. शिवाय नोंदणी केलेला करार असेल तर पीक विमा त्याच्या नावाने निघू शकतो. ई-पीक पाहणी मात्र वेळेत झाली की नाही ते त्याला फोन करून विचारत जा. सातबाऱ्यावर धान चढला नाही तर केंद्रावर नोंदणी अडते.

उन्हाळी धानाचा ठेका यात मिसळू नको. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला सुटलं तरच उन्हाळी, म्हणून ठेकाही पाणी सुटलं तरच. तणस त्याची, त्याला जनावरं आहेत. धुऱ्यावरची तूर आणि बांधीतली लाखोळीही त्याचीच. जावईबापू म्हणतील काका सगळंच वाटून टाकतात. म्हणू देत. मालकाने मूठभर तुरीसाठी धुऱ्यावर चकरा मारल्या की गावात त्याला काय म्हणतात ते तू लहानपणी ऐकलेलं आहेस.

अक्षय तृतीयेच्या आधी दोन दिवस ये. त्यालाही बोलावतो, तिघं बसू. तो काय म्हणतो ते आधी ऐक, मग लिहू.

आणि पूर्वेच्या धुऱ्यावरचा मोह कागदात घालू नकोस. त्याची फुलं खालच्या टोलीवरची म्हातारी वेचते. तुझ्या आजीने तिला सांगून ठेवलं होतं.

तुझा,
काका