लाकडाच्या वायूवर चालणारा जनरेटर आणि त्यातला न दिसणारा धोका

गेल्या उन्हाळ्यात आयटीआय झालेला एक तरुण आमच्याकडे आला. त्याच्या वस्तीतल्या समाजमंदिरात स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींची अभ्यासिका चालते. रात्री वीज गेली की पंधरा-वीस मुले अंधारात बसतात. वर्गणीतून घेतलेला पेट्रोलचा छोटा जनरेटर आहे, पण पेट्रोल परवडत नाही. या पोराने मोबाइलवर पाहून पाहून जुन्या पिंपातून भट्टी तयार केली, लाकडापासून गॅस काढला आणि त्यावर जनरेटर चालवून दाखवला. आपल्या पोरांच्या हातात ही कला आहे याचा आम्हाला आनंदच झाला. त्याला एवढेच हवे होते की या यंत्राची माहिती मासिकात यावी.

जाता जाता तो म्हणाला, "डॉक्टर, एक गोळी द्या. भट्टी पेटवली की त्या दिवशी डोकं लई दुखतं. पित्त झालं असंल."

यंत्र कुठे ठेवले आहे, असे आम्ही विचारले. अभ्यासिकेच्या मागच्या बोळात, भिंतीला लागून, वर पत्रा टाकून. खिडकी त्याच बोळात उघडते. गोळी देण्याऐवजी आम्ही त्याला बसवून घेतले. त्याच्याशी जे बोललो तेच इथे सविस्तर लिहीत आहोत, कारण असा प्रयोग करणारा तो एकटा नाही.

आधी हा गॅस म्हणजे काय ते पाहू. लाकूड चुलीत जळते तेव्हा त्याला भरपूर हवा मिळते. तेच लाकूड बंद भट्टीत मोजकीच हवा देऊन पेटवले तर ते पूर्ण जळत नाही. वरच्या थरात लाकूड सुकते, त्याखाली तापून त्याचा कोळसा होतो व डांबरासारखी वाफ सुटते. त्याखाली हवा आत येते तिथे हजार अंश सेल्सिअसच्या वर आच असते. सर्वांत खाली लालभडक कोळशाचा थर असतो. जळून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ या तप्त कोळशातून खाली ओढली जाते, तेव्हा त्यांचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन या जळणाऱ्या वायूंत होते. हाच लाकडाचा गॅस. त्यात साधारण निम्मा भाग हवेतला नायट्रोजन असतो, पंधरा ते वीस टक्के हायड्रोजन, थोडा मिथेन, दहा-बारा टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि सुमारे वीस टक्के कार्बन मोनॉक्साइड.

हा शोध नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा स्वीडन, जर्मनी, फ्रान्स इथल्या हजारो मोटारी, ट्रक, ट्रॅक्टर पाठीवर अशी भट्टी घेऊन फिरत. आपल्याकडेही त्या काळात कोळशाच्या गॅसवर बसगाड्या चालत. जुनी माणसे त्याच्या आठवणी सांगत. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातल्या होसहळ्ळी या लहानशा गावात १९८८ मध्ये अशा यंत्रावर वीज दिली. सुंदरबनातल्या गोसाबा बेटावर १९९७ मध्ये ५०० किलोवॉटचा प्रकल्प उभा राहिला. आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटापासून गॅस काढण्यावर काम केले. म्हणजे विद्या पक्की आहे. पण गावाच्या प्रकल्पात शिकलेला चालक असतो आणि यंत्रासाठी वेगळी शेड असते. घरगुती भट्टीत चालक म्हणजे घरातलाच कुणीतरी, आणि शेड म्हणजे बहुधा पडवी.

हिशेबही पाहून घ्यावा. एक युनिट विजेला चांगल्या यंत्रात एक ते दीड किलो सुके लाकूड लागते, घरी बनवलेल्या भट्टीत त्याहून जास्त. चार दिवे, दोन-तीन पंखे चार तास चालवायचे तर दोन-अडीच किलो लाकूड पुरेल असे कागदावर दिसते, प्रत्यक्षात चार-पाच किलो धरावे. लाकूड बाभळीचे, सुबाभळीचे चालते, नारळाच्या करवंट्या चालतात, मक्याची बुरकुंडे चालतात; पण तुकडे सारखे आणि खडखडीत वाळलेले हवेत, ओल वीस टक्क्यांच्या आत. ओले लाकूड घातले की डांबर वाढते आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह चिकटून बसतात. भुसा घातला तर भट्टी तुंबते. शिवाय हा गॅस पेट्रोलइतका ताकदीचा नाही. पेट्रोलवर तीन किलोवॉट देणारा जनरेटर यावर निम्म्याच्या आसपास येतो. डिझेल इंजिन तर नुसत्या या गॅसवर चालतच नाही, थोडे डिझेल सोबत लागतेच. हे सगळे त्या तरुणाला आमच्यापेक्षा चांगले माहीत होते. त्याला माहीत नव्हती ती पुढची गोष्ट.

त्या वीस टक्के कार्बन मोनॉक्साइडवरच इंजिन चालते. आणि तेच विष आहे. स्वयंपाकाच्या गॅसची गळती वासाने कळते, कारण त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. लाकडाच्या गॅसला धुराचा, डांबराचा वास येतो खरा, पण चुलीवर वाढलेल्या आपल्या नाकाला तो वास ओळखीचा, घरचा वाटतो. त्याची भीती वाटत नाही.

रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलून अवयवांना पोचवते. कार्बन मोनॉक्साइड याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत तो थोडासा असला तरी रक्तातल्या जागा भराभर अडवतो. माणूस श्वास घेत असतो, छाती हलत असते, आणि मेंदू व हृदय आतून उपाशी राहतात.

किती थोडासा? हवेच्या दहा लाख भागांत याचे २०० भाग असतील तर दोन-तीन तासांत कपाळ दुखू लागते. ८०० भाग असतील तर पाऊण तासात डोकेदुखी, चक्कर, मळमळ, आणि दोन तासांत शुद्ध हरपू शकते. १,६०० भागांत दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. ३,२०० भागांत अर्ध्या तासात. आता लाकडाचा गॅस पाहा: त्यात हे प्रमाण दहा लाखांत सुमारे दोन लाख भाग आहे.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी बंद खोली धरू. तिच्यात साधारण २८ हजार लिटर हवा मावते. त्या हवेत ८०० भागांचे प्रमाण गाठायला सुमारे ११० लिटर लाकडाचा गॅस पुरतो. एक किलो लाकडापासून दोन हजार लिटरहून अधिक गॅस निघतो. म्हणजे जेमतेम पन्नास ग्रॅम लाकडाचा, मूठभर ढलप्यांचा गॅस त्या खोलीत शिरला तर तिथे झोपलेले माणूस दोन तासांत बेशुद्ध होऊ शकते. आम्ही हा हिशेब त्या तरुणासमोर कागदावर केला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग त्याने एक शहाणा प्रश्न विचारला. इंजिन तर गॅस ओढून घेते, भट्टीत ओढ असते, मग गॅस बाहेर येईलच कसा? भोक असले तर बाहेरची हवा आत जाईल. हे बरोबर आहे. यंत्र चालू असताना गळती सहसा आतल्या बाजूने होते (तीही वाईटच, कारण तापलेल्या भट्टीत हवा शिरली की भडका उडू शकतो). धोका असतो तो तीन वेळा. पहिली वेळ पेटवण्याची: पंख्याने हवा देऊन भट्टी तापवताना आतला दाब वाढतो आणि गॅस फटीफटीतून बाहेर पडतो. दुसरी वेळ लाकूड भरण्याची: झाकण उघडताच गॅस थेट तोंडावर येतो, कधी पेट घेऊन भुवया जाळतो. म्हणून झाकण उघडताना तोंड बाजूला ठेवावे, वाकून आत पाहू नये. तिसरी वेळ लोक विसरतात, ती म्हणजे बंद केल्यानंतरची. इंजिन थांबले म्हणजे भट्टी थांबली असे नाही. आतला निखारा कितीतरी वेळ धगधगत राहतो, गॅस बनत राहतो, आणि आता त्याला ओढून घेणारे इंजिन नसते. तो हळूहळू बाहेर येतो. वीज आली, जनरेटर बंद केला, मुले पुन्हा खिडकीपाशी अभ्यासाला बसली. नेमका तेव्हा बोळात गॅस साचत असतो. युद्धकाळातल्या युरोपातही तापलेली गाडी बंद गॅरेजमध्ये उभी करणे हे विषबाधेचे मोठे कारण होते.

याशिवाय जनरेटरचा धूर वेगळाच. पेट्रोल असो, डिझेल असो की लाकडाचा गॅस, इंजिनाच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यामुळे "आमचा तर साधा जनरेटर आहे" असे म्हणून कुणी हा लेख बाजूला ठेवू नये.

हा वायू हवेपेक्षा अगदी किंचित हलका आहे, म्हणून तो ना वर जाऊन बसतो ना खाली. सगळ्या खोलीत मिसळतो. खाली झोपल्याने किंवा एक झरोका उघडा ठेवल्याने सुटका होत नाही. ओला रुमाल, कापडी मास्क, कोरोनातले एन-९५ यांतले काहीही त्याला अडवत नाही.

ही विषबाधा ओळखायची कशी? डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा, पायांत गोळे, गोंधळल्यासारखे होणे. ताप नसतो. पित्त, उष्णता, अशक्तपणा, उपासाचा त्रास अशी नावे आपण देतो, आणि आम्ही डॉक्टरही घाईत असलो तर तीच देतो. दोन खुणा मात्र लक्षात ठेवाव्यात. एकाच जागी बसलेल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होतो. आणि मोकळ्यावर गेले की तासा-दोन तासांत बरे वाटते, परत आले की पुन्हा दुखते. रोज थोडा थोडा गॅस अंगात जात राहिला तर झोप लागत नाही, चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. परीक्षेच्या ताणाखाली हे सगळे सहज खपून जाते.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे. इथे त्यावर विसंबू नका. ते उपकरण प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि या विषाने भरलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. आकडा ९८ दाखवेल आणि माणूस शुद्ध हरपत असेल.

गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षा जास्त बाधतो आणि त्याच्या रक्तातून उशिरा निघतो; आई सावरली तरी बाळाची तपासणी हवीच. लहान मुले, हृदयरोगी, वयस्क यांनाही लवकर त्रास होतो. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे, आणि रक्त कमी असलेल्या मुली-बायका तर घरोघरी. ज्यांच्याकडे हिमोग्लोबिन मुळातच कमी, त्यांच्याकडे गमवायलाही कमी असते.

कुणी गुदमरून पडलेले दिसले तर एकट्याने धावत आत शिरू नये. वाचवायला गेलेला आत कोसळतो, हे विहिरीच्या आणि गटाराच्या बाबतीत आपण फार पाहिले आहे. आधी दारे-खिडक्या बाहेरून उघडाव्यात, दुसरे माणूस बाहेर उभे करावे, श्वास रोखून आत जावे आणि रुग्णाला ओढून मोकळ्यावर आणावे. श्वास नसेल तर छाती दाबणे सुरू करावे. १०८ ला फोन करावा आणि "गॅसची विषबाधा आहे, प्राणवायू लागेल" हे सांगावे. कांदा हुंगवणे, लिंबूपाणी, ताक यांत वेळ घालवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. साध्या हवेत रक्तातले निम्मे विष उतरायला चार-पाच तास लागतात, घट्ट मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून बरे वाटू लागले तरी दवाखाना टाळू नये. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड मोजण्याची चाचणी मोठ्या रुग्णालयांत होते, ती मागून घ्यावी. काही रुग्णांत पूर्ण बरे वाटल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालताना तोल जाणे, स्वभाव बदलणे असे त्रास सुरू होतात. तेव्हा डॉक्टरांना जुनी घटना आठवणीने सांगावी.

भट्टीच्या जाळीतून, नळ्यांतून जे काळे पाणी आणि डांबर निघते, तेही सांभाळावे. त्यात फिनॉलसारखी आणि कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्ये असतात. हातमोजे घालून साफ करावे. ते नालीत, विहिरीजवळ किंवा परसातल्या भाजीत ओतू नये.

आमचे मत विचाराल तर एका घरासाठी ही भट्टी आम्ही सुचवणार नाही. चार दिवे आणि दोन पंखे यांसाठी बॅटरी किंवा छोटा सौरसंच बरा. त्याला रात्री जागून लाकूड घालावे लागत नाही. पण ज्याला करायचेच आहे त्याने यंत्र चारही बाजूंनी मोकळ्या जागी, कोणत्याही खिडकी-दारापासून निदान वीस-पंचवीस फुटांवर ठेवावे. वारा घराकडे वाहत असेल त्या दिवशी पेटवू नये. बंद केल्यावर भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत जवळ कुणी बसू-झोपू नये. जवळच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. तो ऑनलाइन मिळतो आणि धुराच्या अलार्मपेक्षा वेगळा असतो, हे घेताना पाहावे. आणि जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच करावी, नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो.

त्या तरुणाने दुसऱ्याच दिवशी भट्टी बोळातून काढली. आता ती समाजमंदिरामागच्या मैदानात लिंबाच्या झाडापलीकडे आहे, वायर लांबवावी लागली एवढेच. डोकेदुखी गेली. अभ्यासिकेतल्या दोन मुलींचीही गेली. त्यांनी ती कधी कुणाला सांगितलीच नव्हती.