प्रीसेट जास्त फिरतोय, साहेब

भोसरीतल्या एका गाळ्यात आम्ही पाच-सहा जण प्रोसेस इंडिकेटर बनवतो. ट्रान्समीटरकडून ० ते १० व्होल्ट येतात आणि आमची डबी ते ० ते ३०० अंश सेल्सिअस असे दाखवते. प्रत्येक बोर्ड ०, २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्टला तपासावा लागतो. बेंच सप्लायचा नॉब फिरवायचा, मल्टिमीटरकडे बघायचं, प्रीसेट लावायचा, यात दिवस जायचा. म्हणून मी यूएसबीवर चालणारं अ‍ॅनालॉग आउटपुट मॉड्यूल मागवलं. किंमत हजाराच्या आत, वर छापलेलं ‘१२ बिट’. पायथनमध्ये वीसेक ओळी लिहिल्या, माझ्या लॅपटॉपला जोडून मीटर लावला. १०.०० व्होल्ट! खूश होऊन ते टेस्टिंगच्या टेबलावर दिलं आणि मीटर परत कपाटात ठेवला.

त्याच दुपारी टेस्टिंगला बसणाऱ्या ताई म्हणाल्या, “साहेब, आज प्रीसेट नेहमीपेक्षा जास्त फिरवावा लागतोय.”

“रेझिस्टरची नवी रीळ लागलीय, त्याचा फरक असेल,” मी मान वर न करता म्हणालो.

चाळीस बोर्ड बाहेर पडले. पंधरा दिवसांनी ग्राहकाचा फोन आला : भट्टी २९३ वर आहे आणि तुमचा इंडिकेटर ३०० दाखवतोय. सगळा माल परत आला. येण्या-जाण्याचं भाडं आमचं, पुन्हा तपासणीची मजुरी आमची आणि लाज तर आमचीच.

दोष शोधायला दहा मिनिटं पुरली. मॉड्यूलवर एमसीपी४७२५ ही डॅक (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी) चिप होती. ती स्वस्त आहे, चांगलीही आहे. पण तिला मिळणारा सप्लाय हाच तिचा रेफरन्स असतो. म्हणजे यूएसबीचे ५ व्होल्ट हलले की आउटपुटही त्याच प्रमाणात हलणार. माझ्या लॅपटॉपवर ते नेमके ५.०० होते. टेबलावरच्या संगणकाला बिनसप्लायचा हब, त्यावर बारकोड स्कॅनर आणि लांब, बारीक केबल. तिथे उरले ४.८८. प्रोग्रॅम १० म्हणायचा, चिपचं आउटपुट मॉड्यूलमध्ये दुप्पट होऊन बोर्डाला मिळायचे ९.७६. ताईंनी इमानेइतबारे त्या ९.७६ ला ३०० लावून दिले. यूएसबीला तरी काय बोल लावणार? पोर्टवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असले तरी ते नियमात बसतं.

खरी गफलत माझ्या डोक्यात होती. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या. १० व्होल्टला एक पायरी साधारण २.४ मिलिव्होल्टची. ही बारीक पायरी पाहून मी भुललो. पण ताणलेल्या टेपवर खुणा कितीही बारीक असल्या तरी माप चुकतंच. माझी चूक २४० मिलिव्होल्टची, म्हणजे जवळपास शंभर पायऱ्यांची होती. १६ बिटांचं मॉड्यूल घेतलं असतं तर तीच चूक आणखी बारीक पायऱ्यांनी केली असती, एवढंच.

तेव्हापासून कुणी स्वस्तातला सिग्नल सोर्स विचारला की मी आधी बिट नव्हे, रेफरन्स विचारतो. तो कुठून येतो? वेगळी रेफरन्स आयसी आहे, की सप्लायच वापरलाय? आम्ही नंतर रेफरन्सची वेगळी पिन असलेला डॅक घेतला. तोही १२ बिटांचाच, आणि आमच्या कामाला तो पुरतो.

दुसरा प्रश्न सिग्नल किती लहान हवाय हा. के टाइप थर्मोकपल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. ५ व्होल्टच्या १२ बिट डॅकची एक पायरी १.२ मिलिव्होल्टची, म्हणजे एका उडीत तीस अंश! असा डॅक थेट जोडू नका. चांगल्या रेझिस्टरचा १०० ला १ असा डिव्हायडर लावला की पायरी अंशाच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते.

तिसरा प्रश्न डीसी हवंय की एसी. ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर तपासायचा असेल तर संगणकाचं साउंड कार्ड उत्तम, पण त्यातून सहसा डीसी बाहेर येत नाही. आर्डुइनो ऊनो आर३चं ‘अ‍ॅनालॉग’ आउटपुट नावापुरतं. ते साधारण ४९० हर्ट्झचे पल्स असतात, फिल्टर लावल्याशिवाय त्याला व्होल्टेज म्हणू नका. फंक्शन जनरेटर घेतलात तर त्याची लोडची सेटिंग बघा. ५० ओहमवर ठेवून तो मोठ्या इनपुट रेझिस्टन्सच्या बोर्डाला जोडला, तर स्क्रीनवरच्या आकड्याच्या दुप्पट व्होल्टेज निघतं.

ग्राउंडकडेही लक्ष असू द्या. यूएसबीचा ग्राउंड डेस्कटॉपमधून थेट अर्थिंगला जातो. तुमचा बोर्ड दुसऱ्या सप्लायवर असेल तर दोन्हींच्या मध्ये आयसोलेटर बरा. आणि प्लग लावताक्षणी मॉड्यूल काय देतं ते बोर्ड न जोडता बघा. एमसीपी४७२५ कारखान्यातून येते तेव्हा चालू होताच निम्म्या स्केलवर असते. आमच्या मॉड्यूलमधून आज्ञा देण्याआधीच ५ व्होल्ट निघत.

पैसे कमी असतील तर सोर्स स्वस्त घ्या, मीटर नको. आम्ही संगणकाला जोडता येणारा साडेचार अंकी मीटर घेतला आणि वर्षातून एकदा तो एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून तपासून आणतो. तो बोर्डाच्या टर्मिनलवरच लागलेला असतो. आज्ञा दिली की प्रोग्रॅम मीटर वाचतो आणि १० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की थांबतो. स्क्रीनवर आपण टाइप केलेला आकडा ही फक्त मागणी असते. पोच पावती मीटरच देतो.

एक तपासणी मात्र प्रोग्रॅममध्ये नाही. ताईंच्या टेबलावर वही असते, तिच्यात प्रत्येक बॅचला प्रीसेट किती फिरला ते लिहिलं जातं. नेहमीपेक्षा जास्त फिरला की त्या काम थांबवतात आणि हाक मारतात. आता मी मान वर करतो.