फॉर्म भरण्याआधीच झालेली निवड

दहावीचा निकाल लागला की घरात चर्चा सुरू होते ती कॉलेज कुठलं मिळेल याची. शाखा कुठली, हे बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही, कारण ते टक्क्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. पंच्याऐंशीच्या वर सायन्स, सत्तरीच्या आसपास कॉमर्स, त्याखाली आर्ट्स किंवा आयटीआय. बोर्डाच्या कुठल्याही पुस्तिकेत असा नियम नाही. तरी दरवर्षी राज्यभरातली मुलं तो पाळतात आणि पालक त्याला ‘निर्णय’ म्हणतात.

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांना मी आधी एक काम सांगते. घरात करिअरविषयी जी वाक्यं सतत बोलली जातात ती कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे ते वाक्य कुठून आलं ते लिहा. प्रवेशाच्या माहिती पुस्तिकेतून, मामेभावाच्या अनुभवातून, की ‘सगळे म्हणतात’ म्हणून? पुस्तिकेतून आलेली वाक्यं फार थोडी निघतात.

सगळ्यांत जास्त वेळा लिहिलं जाणारं वाक्य म्हणजे “सायन्स घेतलं की सगळे रस्ते मोकळे राहतात.” ते निम्मं खरं आहे, म्हणूनच त्याची पकड घट्ट आहे. बारावी सायन्सनंतर बीए किंवा बीकॉमला जाता येतं. बारावी आर्ट्सनंतर एमबीबीएसला जाता येत नाही, हे मान्य. पण मोकळा ठेवलेला रस्ता फुकट मिळत नाही. कायद्याची, डिझाइनची किंवा हिशेबाची आवड असलेलं मूल दोन वर्षं फिजिक्सच्या गणितांशी झगडतं, क्लासची लाखभर फी जाते, बारावीचे गुण घसरतात आणि त्याच घसरलेल्या गुणांवर त्याला बीएच्या चांगल्या कॉलेजच्या गुणवत्ता यादीत उभं राहावं लागतं. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठीची क्लॅट, आयआयटीतल्या डिझाइन पदवीची यूसीड, सीए फाउंडेशन यांपैकी कशालाही बारावी सायन्सची अट नाही. बहुतेक स्पर्धा परीक्षांसाठी तर पदवी हवी, शाखा कुठलीही चालते.

जिथे अट खरोखर आहे, तिथे मात्र पुरेसं लक्ष दिलं जात नाही. सायन्सला जायचं पक्कं झाल्यावर गणित ठेवायचं की जीवशास्त्र, की दोन्ही, हा प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवर पाच मिनिटांत उरकला जातो. ‘गणित जमत नाही’ म्हणून ते सोडणाऱ्या मुलाला आर्किटेक्चर आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) हवाई दल व नौदल शाखा आपण त्याच क्षणी सोडतो आहोत, हे कुणी सांगत नाही. उलट बाजूला, गुण भरपूर मिळतात म्हणून दोनशे गुणांचा बायफोकल विषय घेताना जीवशास्त्र सुटलं, तर वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा विचार पुन्हा करणं अवघड होतं. शाखेपेक्षा विषयांची ही निवड जास्त दूरवर जाते. तिच्यासाठी घरात एक अख्खी संध्याकाळ द्या.

दुसरं वाक्य: “डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांसाठी.” याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याने हाताने काम करायला आवडणारी हुशार मुलं चुकीच्या वर्गात बसवली आहेत. साधा हिशेब करा. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि इंजिनिअरिंगची चार, एकूण सहा. दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवीची तीन, एकूण सहाच. या दुसऱ्या वाटेवर राज्यातली सीईटी नाही. डिप्लोमाच्या गुणांवर प्रवेश होतो. शिवाय पुढे शिकायचं नाही असं ठरलं तर तीन वर्षांनी हातात नोकरीयोग्य पदविका असते, जी नुसत्या बारावीनंतर नसते. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे तर फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. ही वाट सोपी नाही: डिप्लोमातून आलेल्यांना पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं गणित जड जातं, त्याची तयारी आधीच करावी लागते. पण जड असणं वेगळं आणि कमी दर्जाचं असणं वेगळं.

मुलींच्या बाबतीतली वाक्यं लिहिलीच जात नाहीत, इतकी ती अंगवळणी पडलेली असतात. खडकवासल्याची एनडीए पुण्याच्या उशाला, तरी मुलीसाठी तिचा विचार कुणी करत नसे, कारण दारच बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर ते उघडलं, २०२२मध्ये पहिल्या मुली दाखल झाल्या आणि मे २०२५मध्ये १७ जणी तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. नियम बदलला, घरातलं वाक्य मात्र बऱ्याच ठिकाणी तेच आहे. लष्कराच्या शाखेसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, म्हणजे कॉमर्सची मुलगीही एनडीएची परीक्षा देऊ शकते.

पालकांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. कर्ज काढून फी भरणाऱ्या आईवडिलांना खात्रीची वाट हवीशी वाटणारच. पण आपण ज्या वाटेला खात्रीची म्हणतो, ती बहुधा आपण नोकरी शोधत होतो तेव्हाची असते. म्हणून मुलाला निवडलेल्या क्षेत्रात आज काम करणाऱ्या, वयाने पंचविशी-तिशीतल्या दोघातिघांना भेटवा. पगार विचारा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा नेमकं काय करता ते विचारा. मुलांनीही ‘मला आवडतं’ हे गृहीत न धरता सुट्टीत त्या कामाच्या ठिकाणी चार दिवस काढावेत.

आणि ‘निकालानंतर बघू’ हेही त्या कागदावर येऊ द्या. अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया आणि पॉलिटेक्निकची प्रक्रिया साधारण एकाच सुमारास चालते. मन पक्कं नसेल तर दोन्हीकडे अर्ज करा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल यांना वेळ लागतो, तेव्हा त्यांचे अर्ज परीक्षा संपताच टाका.