‘पाय लटपटत होते’ म्हणजे नेमकं काय?

दंड भरा आणि मोकळे व्हा, असा सल्ला मला सगळ्यांनी दिला. भावाने दिला, शेजारच्या निवृत्त फौजदारांनी दिला, कोर्टाच्या आवारात अर्ज टाइप करून देणाऱ्याने तर न विचारता दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुष्कळांचं दंडावरच भागतं. पण कबुली दिली की दोषी ठरल्याची नोंद होते, परवान्यावर निलंबनाची टांगती तलवार येते आणि पुन्हा कधी असा प्रसंग आला तर शिक्षेची कमाल मर्यादा थेट दोन वर्षांवर जाते. शिवाय मी प्यालोच नव्हतो.

माझा छापखाना आहे. लग्नसराईत पत्रिकांचं काम रात्री उशिरापर्यंत चालतं. मशीनचे रोलर धुवायच्या द्रावणाचा उग्र दर्प कपड्यांत मुरतो, जागरणाने डोळे लाल होतात आणि उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडीतून उतरल्यावर पहिली काही पावलं मी सावरत टाकतो. नाकाबंदीत मला थांबवलं तेव्हा श्वास तपासायचं यंत्र बंद पडलेलं होतं. मग अहवाल डोळ्यांनी आणि नाकाने लिहिला गेला: तोंडाला दारूचा वास, डोळे लालसर, बोलणं अडखळत, पाय लटपटत. सरकारी रुग्णालयातल्या ड्युटी डॉक्टरांनी छापील फॉर्मवर जवळपास तेच भरलं. रक्त घ्या म्हणालो, तर गरज नाही म्हणाले. तेव्हा सहीच्या वर मी लिहिलं, ‘रक्त तपासणीची मागणी केली, घेतली नाही’, आणि खाली वेळ टाकली. संपूर्ण खटल्यात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली ही ओळ.

यंत्र चालू असेल तर फुंकायला नकार देऊ नका. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे तुमच्याच विरोधात धरता येतो. अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. म्हणून अटकेची वेळ आणि दवाखान्यात पोचल्याची वेळ लिहून ठेवा. हुज्जत मात्र घालू नका. चढलेला आवाजही ‘नशेत असल्याचं लक्षण’ म्हणून लिहिला जातो.

मला भेटलेल्या वकीलबाई तरुण होत्या. मी तावातावाने म्हणालो, हवालदार धादांत खोटं बोलतोय. त्या म्हणाल्या, “काका, तो खोटं बोलतोय असं मी कोर्टात म्हणणारच नाही. त्याने जे पाहिलं ते पाहिलंच असेल. त्यावरून त्याने जे ठरवलं, त्याच्याशी आपलं भांडण आहे.” हे पचायला मला वेळ लागला. रागावलेल्या आरोपीला पोलीस खोटा ठरवण्यातच समाधान वाटतं, आणि न्यायाधीशांसमोर हाच सूर सर्वांत लवकर पडतो. पोलिसाला माझ्याशी वैर धरायचं कारण काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उलटतपासणीत त्यांनी एकेक शब्द सुटा केला. वास तोंडाचा होता की कपड्यांचा? काच खाली केल्यावर आला की गाडीतून उतरल्यावर? बोलणं अडखळत होतं, तर नाव, पत्ता, गाडीचा नंबर बरोबर सांगितला का? सांगितला. मग पाय. हवालदाराने मला किती चालताना पाहिलं? गाडीपासून जीपपर्यंत. रस्ता कसा होता? इथे हवालदार जरा घुटमळला, कारण जलवाहिनीसाठी तो खोदलेला होता आणि बॅरिकेडही त्यामुळेच तिथे लावलेलं होतं. गुडघ्याबद्दल विचारलं होतं का? नाही. सरळ रेषेत चालायला लावलं का? नाही. दमून आलेल्या साठीच्या माणसाचे डोळे लाल असू शकतात का? असू शकतात. अख्ख्या उलटतपासणीत एकदाही आवाज चढला नाही.

डॉक्टरांना त्यांनी एवढंच विचारलं की रक्त का घेतलं नाही, आणि माझी ती ओळ दाखवली. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात, हे सांगून ठेवलेलं आहे: रक्त-लघवीची तपासणी नसताना केवळ वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणं यांवरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असा निष्कर्ष काढणं पुरेसं नाही. कलम १८५ मध्येही दारूसाठी आकडाच सांगितला आहे, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त, आणि तोही चाचणीत आढळलेला.

आकडा असेल तर मात्र लढाई वेगळी, आणि खरं सांगायचं तर बरीच अवघड. तिथे चालण्या-बोलण्यावर वेळ घालवू नये. यंत्राची छापील पावती, त्यावरची वेळ, यंत्राचा क्रमांक, कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, तुमच्याआधी यंत्र शून्य दाखवत होतं का, हे मागा. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने नुकतीच चूळ भरली असेल तर ते तिथल्या तिथे सांगा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा. रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसली गेली का, बाटलीला सील कोणी लावलं, प्रयोगशाळेत ती कधी पोचली, हेही विचारता येतं. ढोसून गाडी हाकणाऱ्याला यातून पळवाट सापडू नये असं मला मनापासून वाटतं, पण हे प्रश्न विचारायचा हक्क सगळ्यांना सारखाच आहे.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट होती. नाकाबंदीच्या थोडं आधी मी पेट्रोल भरलं होतं आणि हवा भरायला पंपावर उतरून चाललोही होतो. पंपाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून मुलाने दुसऱ्याच दिवशी मालकाला लेखी अर्ज देऊन प्रत घेतली. नुसता पेनड्राइव्ह कोर्टात चालत नाही. त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. गुडघ्याच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि त्या रात्रीची छापखान्याची जॉबशीटही जोडली. त्या चित्रणातही मी लंगडतच होतो. वकीलबाईंना तेच हवं होतं.

सुटलो. पण निकाल लागला म्हणजे जप्त झालेला परवाना आपोआप घरी येतो असं नाही. त्याच दिवशी निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा, एक नाही, दोन नकला मागा. एक आरटीओत परवाना परत मिळवण्याच्या अर्जाला जोडायची आणि दुसरी गाडीच्या कागदांसोबत ठेवायची.